माझ्या पक्षकाराची केस, त्याच्या फर्मचं नाव

त्या वकिलाशी मी बोलत नाही, याला आता दोन पावसाळे झाले. हिंगोली कोर्टाच्या व्हरांड्यात समोरून आला तर तो फाइलमध्ये डोकं खुपसतो. मी तसं करत नाही. मी त्याच्याकडे बघत बघत जाते.

नऊ वर्षं आम्ही एका टेबलावर बसलो. कोर्टाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं लोखंडी टेबल होतं. तो सनद घेऊन नवीन आला तेव्हा त्याला बसायला जागा नव्हती, म्हणून मीच समोरची खुर्ची दिली. मला ताई म्हणायचा. दावा कसा लिहायचा, साक्षीदाराला कुठे थांबवायचं, कुठे बोलू द्यायचं, हे त्याने माझ्याकडे पाहून उचललं. माझ्या जुन्या फाइली घरी नेऊन वाचायचा. मी कधी नको म्हटलं नाही.

त्यातली एक फाइल सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या बाईची होती. वडील गेल्यावर जमिनीला तिन्ही भावांची नावं लागली, हिचं लागलं नाही. हिची हरकत नव्हती, असं भावांचं म्हणणं, कारण तलाठ्याच्या नोटिशीवर हिची सही होती. वाटणीचा दावा सहा वर्षं चालला. भावांच्या वकिलाने ती नोटीस तिच्यापुढे धरून दरडावून विचारलं, ही सही तुमचीच ना? ती म्हणाली, “साहेब, मला सही येत न्हाई. आजून बी न्हाई. अंगठा देते मी.” रेशनचे, बँकेचे, सगळे कागद मी आधीच लावून ठेवले होते. सगळीकडे अंगठाच. न्यायाधीशांनी तिला हिस्सा दिला, पण निकालात एवढंच लिहिलं की तिला नोटीस मिळाल्याचं सिद्ध होत नाही. सही कुणी केली, यावर एक शब्द नाही.

ते बरंच झालं. कारण निकालानंतर भावांशी तिचं हळूहळू पुन्हा जमलं. धाकट्या भावाच्या पोरीच्या लग्नात तिला मानाची साडी नेसवली, हे सांगायला ती मुद्दाम एसटीने हिंगोलीला आली होती. मला तिचा निकाल आठवतो त्यापेक्षा तो दिवस जास्त आठवतो.

पुढे त्याने माझं टेबल सोडलं. नांदेड रस्त्याला काचेचं ऑफिस, हाताखाली दोन वकील आणि पाटीवर फर्मचं नाव. त्याने संभाजीनगरहून एक मार्केटिंगवाला धरला होता. त्याला एकदा वकिलांच्या बार रूममध्येही घेऊन आला. तो माणूस आम्हाला सांगत होता, “लोक आता वकील शोधत फिरणार नाहीत सर, एआयला विचारणार. आणि एआयला जे वाचायला मिळालं, तेच ते सांगणार. तुमचे विजय वेबसाइटवर लिहा. गाव टाका, समाज टाका, भांडण कशाचं ते टाका. जितकं बारीक लिहाल तितके वर याल.”

वकिलाने जाहिरात करायची नाही, हा आमच्या पेशाचा नियम आहे. मी तसं म्हणाले. माझा जुना सोबती हसला. “ही जाहिरात नाही ताई, माहिती आहे.”

काही महिन्यांनी ती तांड्यावरची बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. सोबत तिची मुलगी होती. मी बसा म्हटलं, ती बसली नाही.

“वकीलबाई, माझी केस कोन लढलं? तुमी का त्यांनी?”

मला प्रश्नच कळला नाही. मुलीने मोबाइल पुढे केला. ती हिंगोलीला कॉलेजात शिकते. तिच्या मैत्रिणीच्या घरी जमिनीचंच भांडण होतं, म्हणून मैत्रिणीने चॅटबॉटला विचारलं होतं: हिंगोली जिल्ह्यात बहिणीचा हिस्सा मिळवून देणारा चांगला वकील कोण? उत्तरात पहिलं नाव त्याच्या फर्मचं होतं. खाली लिहिलं होतं की या फर्मने अमुक तांड्यावरच्या बंजारा महिलेला न्याय मिळवून दिला आणि भावांनी केलेली बनावट सही कोर्टात उघडी पाडली. तिचं नाव तेवढं नव्हतं. पण त्या तांड्यावर भावांवर दावा लावलेली बाई एकच होती.

कुणीतरी त्या उत्तराचा फोटो तांड्याच्या ग्रुपवर टाकला होता. थोरला भाऊ तिच्या दारात येऊन म्हणाला होता, “कोर्टानं बी आमाला चोर म्हनलं न्हाई. तू मोबाइलवर म्हनवलंस.” येणंजाणं पुन्हा बंद झालं होतं.

“मी काय बी बोलले न्हाई कुणाला,” मी म्हणाले.

“मंग त्यांना कसं कळलं? तुमच्याच टेबलावर बसत व्हते की ते.”

फाइल मीच दिली होती.

त्याच दुपारी मी काचेच्या ऑफिसात गेले. तो उठून उभा राहिला, चहा सांगू लागला.

“चहा राहू द्या,” मी म्हणाले. “माझी केस तुम्ही तुमच्या नावावर लिहिलीत?”

“ताई, ‘आम्ही’ लिहिलंय. तेव्हा आपण एकत्रच होतो ना?”

“वकीलपत्र कुणाचं होतं?”

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

“आणि भावांनी बनावट सही केली, हे निकालात कुठल्या पानावर आहे?”

“लोकांना सरळ भाषेत सांगावं लागतं. तसंही निकाल सार्वजनिक असतो, मॅडम.” ताईची मॅडम झाली ती तिथे. “तुम्ही पण टाका ना तुमच्या केसेस. कुणी अडवलंय?”

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेर बसलेल्या पक्षकारांनी ऐकलं आणि त्यांनी ऐकावं म्हणूनच मी दार उघडं ठेवलं होतं.

मग मी वकील संघाकडे गेले. अध्यक्ष म्हणाले, आपसात मिटवा. दोघा ज्येष्ठांनी माझी बाजू बरोबर आहे असं मान हलवून सांगितलं आणि त्यातल्या एकाने जिन्यात गाठून हळूच विचारलं, त्या मार्केटिंगवाल्याचा नंबर आहे का. त्यांच्याशीही मी त्या दिवसापासून बोलत नाही. शेवटी बार कौन्सिलकडे लेखी तक्रार केली. त्याला बाईचं प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं. निरोप पाठवला तर उलटा निरोप आला: आता कुठल्याच कागदावर अंगठा देणार न्हाई.

तक्रारीची नोटीस गेल्यावर त्याने वेबसाइटवरचं ते पान काढून टाकलं. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं. मी स्वतः चॅटबॉटला विचारून पाहिलं. उत्तर तेच आलं, तांड्याच्या नावासकट. मी लिहिलं, हे खोटं आहे, ही केस मी लढले आहे. चॅटबॉटने लगेच माफी मागितली आणि तुमचं बरोबर आहे म्हणाला. मी त्या बाईच्या मुलीला फोन करून तिच्या मोबाइलवर विचारायला सांगितलं. ती वाचून दाखवू लागली. पहिलं नाव त्याच्याच फर्मचं होतं, आणि पुढे ती बनावट सही. मी तिला मध्येच थांबवलं. ज्याच्यावर ओरडता येत नाही अशा वस्तूने मला माझ्याच तोंडावर खरं म्हणावं आणि दुसऱ्या मोबाइलवर पुन्हा तेच खोटं सांगावं, याचा राग कुठे काढायचा हे मला अजून कळलेलं नाही.

तक्रार पडून आहे. त्याच्या ऑफिससमोर गाड्या असतात. हट्टा, वसमत अशा गावांहून लोक मोबाइल हातात धरून त्याचा पत्ता विचारत येतात. एकदोघांनी मलाच विचारला. मी माहीत नाही म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात एका केसच्या तारखेला कळमनुरीला गेले होते. तिथल्या कोर्टाच्या आवारात ती बाई दिसली. बांधाच्या मोजणीचं काहीतरी काम होतं. एका वयस्कर वकिलाच्या शेजारी ती कागद मांडीवर घेऊन बसली होती. मी जवळ गेले.

“हिंगोली सोडून इतक्या लांब काहून?” मी विचारलं.

“वकीलबाई, तुमी चांगल्या हाव,” ती म्हणाली. “पर माझी गोष्ट तुमच्या टेबलावरून भायेर गेली.”

एवढं बोलून तिने कागद त्या वकिलापुढे सरकवले आणि मी तिथून निघाले.