सहा सूत कमी

माझ्या सासऱ्यांनी मला चुकीचं माप घेताना पाहिलं, आलेला आकडा विचारून घेतला, ‘बरं’ म्हणाले आणि पेपर वाचत बसले. हे मी घरात तीनदा बोलून दाखवलं. तिन्ही वेळा ‘जाऊ दे गं आता’ हेच उत्तर मिळालं. म्हणून लिहून ठेवते.

सांगलीतलं आमचं घर म्हणजे हॉल, एक खोली, स्वयंपाकघर आणि वर गच्ची. सासरे कुपवाडच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो नमुना करणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. निवृत्तीनंतर त्यांचे हात कापायला लागले आणि त्यांनी काम सोडलं. हत्यारांची पेटी गच्चीवरच्या पत्र्याखाली राहिली.

त्याच पत्र्याखाली मी सुतारकाम शिकले. नोकरी मिरजेच्या एका दवाखान्याच्या स्टोअरमध्ये. सलाइन, हातमोजे, पट्ट्या यांच्या याद्या दिवसभर करायच्या; संध्याकाळी शून्य झालेल्या याद्या सकाळी पुन्हा भरायच्या. घरी आल्यावर असं काही करावंसं वाटायचं की जे एकदा झालं की झालं. पहिलं चपलांचं स्टँड केलं, मग मसाल्याच्या डब्यांचं फडताळ, मग इस्त्रीचं टेबल. रंधा, करवत, पटाशी, ड्रिल, सगळं माझं मी घेतलं. पहिल्या वर्षी एकदाच सासऱ्यांना विचारलं होतं, “आप्पा, रंधा कुठल्या बाजूनं मारायचा? लाकूड उसवतंय.” ते म्हणाले, “तुज्यानं न्हाई व्हायचं ते.” मी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर माझ्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा शेरा ठरलेला. चपलांच्या स्टँडला, “चार पाय हाईत न्हवं? मग झालं.” फडताळाला, “भिंत वाकडी हाय म्हनून ह्ये सरळ दिसतंय.” शेजारचे कुणी आले की, “आमच्या सूनबाई रंधा मारत्यात. लेक भाकऱ्या थापतो.” शेजारी हसायचे. माझ्या नवऱ्याला आजतागायत भाकरी येत नाही. तोही हसायचा.

मुलगी दहावी झाली आणि तिच्या जागेचा प्रश्न आला. ती हॉलमध्ये झोपायची. तिथंच सासऱ्यांचा पलंग आणि टीव्ही. बातम्या संपल्या की कुस्ती, कुस्ती संपली की पुन्हा त्याच बातम्या. पोरीनं दहावीचा अभ्यास स्वयंपाकाच्या ओट्यावर, गॅसच्या शेगडीशेजारी वही ठेवून केला.

नणंद कराडला असते. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. वरचा मजला रिकामा आहे, कॉलेज चालत जाण्यासारखं आहे, अकरावी-बारावी पोरगी माझ्याकडं राहू दे. सासऱ्यांना ते लगेच पटलं. नवऱ्यालाही पटलं. मला पटलं नाही. बारावीनंतर ती कुठंतरी जाणारच आहे. हातातली ही शेवटची दोन वर्षं मी दुसऱ्याच्या वरच्या मजल्यावर ठेवायला तयार नव्हते.

“हितं जागा कुठाय तिला?” नवरा म्हणाला.

“मी करते जागा.”

“सोमवारी फॉर्मवर कॉलेज टाकायचंय. रविवारी ताई येतीय. तोवर जागा डोळ्यांनी दिसली तर सांगली. न्हाईतर कराड.”

माझ्याकडे नऊ दिवस होते. जागा मी आधीच हेरली होती. स्वयंपाकघराच्या मागं धान्याची पिंपं ठेवायची छोटी बोळ आहे. एका टोकाला खिडकी, दोन्ही बाजूंना पक्क्या भिंती. पाच फुटांवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झोपायचा माळा, खाली टेबल, पुढं जाड पडदा. मी यादी केली: पिंपं गच्चीवर, भिंतीला रंग, अँगल, लाकूड, शिडी, दिवा. दिवा मुलीनं सांगितला. “टेबलावर उजेड डावीकडनं पाहिजे,” एवढंच ती म्हणाली. त्यावरून मी समजले की तिला इथंच राहायचंय.

माप घ्यायला बसले तेव्हा सासरे स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. दोन भिंतींच्या मधलं माप टेपनं नीट येत नाही. टेप कोपऱ्यात दुमडतो आणि एखाद-दुसरा सूत इकडंतिकडं होतो. इंचाचे आठ सूत. मला एकही सूत इकडंतिकडं नको होता. म्हणून मी सासऱ्यांच्या पेटीतली दोन फुटी पोलादी पट्टी आणली. तीनदा पूर्ण लावली, उरलेलं वाचलं. वर, मधे, खाली, तिन्हीकडं तेच माप.

“किती आलं?” सासऱ्यांनी विचारलं.

“शहात्तर इंच, दोन सूत.”

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “बरं,” म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं.

यादी घेऊन लाकडाच्या वखारीत गेले. सागाच्या दोन तुळया शहात्तर इंच दोन सूत, आणि त्यांवर आडव्या ठोकायला फळ्या. तिथंच मशीनवर कापून घेतलं. घरी भिंतींना एक-एक इंचाचे लोखंडी अँगल बोल्ट मारून बसवले. त्या इंचभर कडेवर तुळया टेकवायच्या, तुळयांवर फळ्या ठोकायच्या.

बुधवारी संध्याकाळी मी आणि मुलीनं पहिली तुळई उचलली. माझ्या बाजूला बरोबर बसली. तिच्या बाजूला ती म्हणाली, “आई, इथं काहीतरी गडबड आहे.”

तुळई सहा सूत आखूड होती. पाऊण इंच. माझ्याकडं इंचभर टेकली की तिच्याकडं दोन सूत उरायचे. मधोमध धरली तर दोन्हीकडं पाच-पाच सूत, आणि टोकाच्या इतक्या जवळ स्क्रू मारला की साग चिरतो. झोपेत कूस बदलताना तुळई जराशी सरकली असती तर पोरगी पाच फुटांवरून खालच्या टेबलावर आली असती.

सासरे उठून आले. चष्मा न लावता त्यांनी ते टोक बघितलं.

“दोन सुतावर झोपवनार व्हय पोरीला?”

नवरा तेवढ्यात कामावरून आला होता. त्यानं ऐकलं, तुळईकडं बघितलं, फोन घेऊन गच्चीवर गेला. खाली आल्यावर म्हणाला, “ताईला सांगितलंय, रविवारी बॅग भरून ठेवतो म्हणून.”

मला वाटलं वखारवाल्यानं फसवलं. गुरुवारी कामावरून सुटले ती तुळई स्कूटरला बांधून, पट्टी पिशवीत घालून थेट वखारीत. वाटेत काय काय बोलायचं ते मनात पाठ करत गेले आणि गेल्या गेल्या ते सगळं बोलले. वखारवाले भाई वयस्कर आहेत. त्यांनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं, मग आपला टेप लावला.

“ताई, शहात्तर आन् दोन सूत. तुमच्या चिठ्ठीवर काय हाय?”

चिठ्ठीवर तेच होतं.

“माप कशानं घेतलं तुमी?”

मी पट्टी पुढे केली. त्यांनी तिच्याशेजारी टेप ताणला आणि हसायलाच लागले. पट्टीवरचे चोवीस इंच संपले तेव्हा टेपवर चोवीस इंच दोन सूत झाले होते.

“आवो, ही फौंड्रीची पट्टी हाय. पॅटर्नवाल्यांची. वतल्यालं लोखंड थंड झालं की आकसतं ना, म्हनून नमुना त्येवढा मोठा करायचा. फुटामागं एक सूत. ह्या पट्टीतला इंचच लांब असतो. भिंत मोजायची पट्टी न्हवं ही.” त्यांनी उजेडात धरून मला टोकाची झिजलेली अक्षरं दाखवली. “कुनाची हाय?”

“सासऱ्यांची.”

“मग त्यांनी सांगितलं न्हाई?”

मी तुळई पुन्हा स्कूटरला बांधली. परत येताना पाठ करण्यासारखं काही नव्हतं.

सासरे टीव्हीसमोर बसले होते. मी मधे उभी राहिले.

“ही पट्टी फौंड्रीची आहे.”

“व्हय.”

“मी हिनं माप घेताना तुम्ही बघत होता.”

“डोळं हाईत मला.”

“मग बोलला का नाही?”

“तू कवा काय इचारतीस मला? पेटी उघडलीस, इचारलंस? पट्टी काढलीस, इचारलंस? आठ वर्सं माज्या पत्र्याखाली ठोकाठोक चालल्या. एकदा तरी म्हनलीस, आप्पा, ह्ये कसं करायचं?”

“म्हणाले होते. माझ्यानं होणार नाही म्हणालात.”

“मला न्हाई आठवत.”

“आणि पोरगी पडली असती तर?”

“कशापायी पडंल? बसवतानाच कळनार व्हतं तुला. कळलं का न्हाई?”

म्हणजे तेही त्यांनी मोजलं होतं. माझं लाकूड वाया जाईल, माझी शोभा होईल, पोरीला मात्र इजा होणार नाही, इतकं बेतून ते गप्प बसले होते. मी पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली. टाकली असं नवरा म्हणतो. ठेवली.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हातारा माणूस आहे, राहिलं असेल सांगायचं.” मी म्हटलं, कुपवाडला कामाला जातोस, तिथून येताना दोन इंचाचे अँगल घेऊन ये. तो म्हणाला, “राहू दे आता. ताईला शब्द दिलाय.” माझ्यापेक्षा बहिणीला दिलेला शब्द जड, हेही त्या आठवड्यात कळलं.

शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकून मी स्वतः कुपवाडला गेले. एका छोट्या वर्कशॉपमधून दोन इंचाचे जाड अँगल कापून, भोकं पाडून आणले. दोन इंचाच्या कडेवर तीच तुळई दोन्हीकडं दीड इंचाहून जास्त टेकते. नवीन लाकूड आणावं लागलं नाही. शनिवारी जुने अँगल काढले, भिंतीतली भोकं बुजवली, नवीन भोकं विटेत येतील अशी बघून पाडली. मुलीनं ड्रिलखाली कागदाचा कोन धरला, धूळ तिच्या केसांत गेली. ती म्हणाली, “आई, मला आत्याकडं जायचं नाहीये. पण तू आप्पांशी हे असं बोलत राहिलीस तर मी इथं अभ्यास कसा करू?” मी म्हटलं, “बोलणार नाही.” ते मी पाळलं आहे. दुसऱ्या दिवशी दिलेली दोन उत्तरं सोडली तर आजही मी त्यांच्याशी बोलत नाही. तिला असं म्हणायचं नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

रविवारी दुपारी नणंद आली. हातात पेढ्याचा बॉक्स, खांद्याला रिकामी मोठी बॅग, भाचीचे कपडे घालून न्यायला. बोळीपाशी उभी राहून तिनं माळा, टेबल, दिवा, पडदा सगळं बघितलं.

“वहिनी, हौस म्हणून छानच आहे हो. पण आधी माप चुकलं म्हणे? अशा कामावर पोरीला झोपवायचं म्हणजे माझ्या तर जिवाला घोर.”

“आता चुकलेलं नाही.”

“तुम्ही म्हणणारच. आप्पा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू.”

नवऱ्यानं मान हलवली. म्हणजे निकाल सासऱ्यांकडं गेला. मी मनातल्या मनात पोरीची बॅग भरायलाही लागले होते. वरच्या कप्प्यातले कपडे आधी, मग वह्या.

सासरे उठले. बोळीत गेले, तुळईखाली हात घातला. मूठ वळून खालून दोनदा ठोकलं, कान दिला. अँगल आणि भिंतीच्या मधे नख घालून बघितलं, नख गेलं नाही. मग नातीला म्हणाले, “चढ गं.” ती चढली. “बस. हाल. आगं हाल की, लाजतीस कशाला?” ती हलली. त्यांचा हात तुळईवरच होता.

मग ते माझ्याकडं वळले. त्या गुरुवारनंतर पहिल्यांदाच.

“बोल्ट कसलं?”

“दहा एमएमचे. एका बाजूला चार.”

“इटंत का सांध्यात?”

“विटेत.”

ते बाहेर आले, खुर्चीत बसले, धाप जाऊ दिली.

“पडत न्हाई,” ते लेकीला म्हणाले.

“पण आप्पा, तुम्हीच फोनवर म्हणाला होता—”

“माप चुकलं व्हतं म्हनलो. माप घ्यायची अक्कल न्हाईच तिला. भोकं नीट पाडल्यात.” आणि लेकाकडं बघून, “टाक सांगलीचं कॉलेज.”

नवऱ्यानं तिथंच मोबाइलवर फॉर्म उघडला. नणंदेनं रिकामी बॅग घडी घालून पिशवीत कोंबली आणि पाचच्या गाडीनं गेली.

नवरा म्हणाला, “बघ, शेवटी तुझ्याच बाजूनं बोलले.” माझ्या बाजूनं ते अजिबात बोलले नाहीत. लेकीनं विचारलं म्हणून लाकडाबद्दल खरं सांगितलं, कारण लाकडाबद्दल खोटं बोलायला त्यांची जीभ वळत नाही. माणसांच्या बाबतीत त्यांना ती अडचण नाही. पोरगी घरात राहिली, याचा मला आनंद आहे. त्यासाठी त्यांचे आभार मानावेत असं अजून एकदाही वाटलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी तीन कप चहा केला. नवऱ्यानं कप मोजले, माझ्याकडं बघितलं आणि वडिलांसाठी वेगळं आधण ठेवलं. मुलगी आपला कप घेऊन शिडीनं वर गेली आणि पडदा ओढून घेतला.