शनिवारची चावी

“आता चावी खिळ्याची,” असं म्हणत आमच्या कचेरीचे ड्रायव्हर मामा टँकरची चावी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचे आणि दोन्ही हात शर्टाला पुसायचे. दर शुक्रवारी, दिवस मावळता मावळता. मग शनिवारचा दिवस मावळेपर्यंत कलेक्टर स्वतः आला तरी मामा त्या चावीला हात लावायचे नाहीत. माझं टेबल त्या खिळ्यासमोरच होतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हाच मी मनात म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

माझा स्वभावच संशयी, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या बापानं धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीला सोडले होते. त्या घरात वाढलेला मी. देवाचं नाव घेऊन कुणी काम टाळायला लागला की माझे कान उभे राहतात. त्यातून मी टँकरचा कारकून. टँकरच्या कारकुनानं संशय घ्यायचा नाही तर त्याला पगार तरी कशाचा द्यायचा, तुम्हीच सांगा.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा होता. उस्मानाबादेहून वाटणीला आलेल्या खुर्च्या आणि कपाटं भाड्याच्या इमारतींत जागा शोधत होती. आणि नव्या जिल्ह्याचा पायगुण म्हणा, पावसानं तोंड फिरवलं. आमच्याकडं धड चालणारा टँकर एकच आणि त्याच्यावर रोजंदारीचे ड्रायव्हर दोन, मामा आणि खाजाभाई. नव्या जिल्ह्यात जागा निघणार, रोजंदारीवाले कायम होणार, अशी हवा होती. दोघंही त्या हवेवरच जगत होते. मामांनी तर खाकी कपडे आधीच शिवून घेतले होते आणि कामावर तेच घालायचे. “कायम झाल्यावर लागतेलच की,” म्हणायचे आणि बाही झटकायचे.

खाजाभाईला शुक्रवारी नमाज, मामांना शनिवार. म्हणून शुक्रवारची दुपारची खेप मामा मारायचे आणि शनिवार अख्खा खाजाभाई. “अपना जुम्मा वो संभालता, उसका शनवार अपन,” खाजाभाई सांगायचा. साहेबांनीही कधी हरकत घेतली नाही. टँकर फिरतोय ना, मग झालं.

पण मामा ख्रिस्ती. मूळचे मुखेडकडचे. ख्रिस्ती माणूस म्हणजे रविवार, हे आम्हाला शाळेपासून पाठ. मग हा शनिवार कुठून उपटला? आमच्या शिपायानं निकाल देऊन टाकला. “साडेसाती हाय. धर्म कोणता का असंना, शनी सोडतो का?” बिचाऱ्यानं शनीला वाहायला म्हणून तेलाची वाटी मामांना आणून दिली. मामांनी ती आदरानं घेतली आणि सोमवारी टँकरच्या दाराच्या बिजागऱ्यांना घातली. “लई कुरकुरत होतं,” म्हणाले. शिपाई दिवसभर फुगून बसला होता.

मला साडेसाती पटली नाही. मला वाटलं, हा शनिवारी कुणाची तरी खाजगी जीप मारत असणार. म्हणून एका शनिवारी सायकल काढली आणि रेल्वे फाटकापलीकडं त्यांच्या खोलीवर गेलो. दार सताड उघडं. पांढराशुभ्र सदरा-पायजमा घालून मामा चटईवर बसलेले. समोर ताटात कालची भाकरी, ठेचा आणि दही.

“या भाऊसाहेब, टेका,” मामा म्हणाले. “आज चूल पेटत न्हाई. चहा मागू नका तेवढा.”

मामी आतून हसल्या. “पाणी बी कालचंच भरल्यालं हाय. मी माहेरची ऐतवारवाली, भाऊसाहेब. ह्यांचा शनवार, माझा ऐतवार. दोन दिवस देवाचे अन् पाच दिवस तुमच्या टँकरचे.”

मी घोटभर पाणी प्यालो, खोलीभर नजर फिरवली आणि परत निघालो. जीप नाही, पाहुणा नाही, काही नाही. एवढं सताड दार उघडं ठेवणारा माणूस नक्कीच काहीतरी लपवत असणार, असं म्हणत मी पायडल मारलं.

बरं, संशय एकट्या मलाच होता असं नाही. रविवारवाल्या चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, एकदा कचेरीच्या आवारात आले आणि टँकरच्या सावलीत त्यांनी मामांना गाठलं. मी खिडकीत सरकलो.

“जुन्या नियमशास्त्राच्या जोखडात पुन्हा मान कशाला घालता?” पाळकसाहेब म्हणाले. “प्रभू रविवारी उठला. आता सगळेच दिवस त्याचे.”

“सगळे त्याचे, तर शनवार बी त्याचाच की.”

“त्याचाच. पण तो पाळलाच पाहिजे असं आता उरलं नाही.”

मामांनी खिडकीकडं बोट केलं. म्हणजे मी ऐकतोय हे त्यांना ठाऊक होतं. “ह्या भाऊसाहेबांस्नी इचारा. सरकारचा हुकूम निघाला, की दुसरा हुकूम येईस्तोवर त्योच चालतो का न्हाई? देवाच्या धा आज्ञा. चोरी करू नको, चालू. खून करू नको, चालू. शनवार पाळ, ही मधलीच एक रद्द कशी झाली? रद्द केल्याचा कागद दाखवा, ह्याच ऐतवारी येतो.”

“अहो, दिवस माणसासाठी केलाय. माणूस दिवसासाठी नाही.”

“माझ्यासाठीच केलाय न्हवं? मग दिलेली चीज परत कशाला करू?”

पाळकसाहेबांना हसू आलं. भला माणूस होता तो. पण जाताना माझ्या टेबलापाशी थांबून हळूच म्हणाले, “उदगीरकडं शनिवार पाळणारी दोन घरं आहेत. त्यांनी यांना काहीतरी भरवलंय. तुम्ही जरा लक्ष ठेवा.” मला लक्ष ठेवायला सांगणं म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालं.

उन्हाळा चढला. अहमदपूरच्या वाटेवर, आठ-दहा किलोमीटरवरच्या टेकडीवर एक तांडा होता, तिथली विहीर पार खडकाला लागली. तांड्याला आमच्याच टँकरचं पाणी. एका शुक्रवारी मंत्र्यांचा दौरा लागला आणि हुकूम आला, रस्त्यावर आणि हेलिकॉप्टर उतरायच्या मैदानावर पाणी शिंपडा, धूळ उडता कामा नये.

“साहेब, तांड्याची खेप?” मामांनी विचारलं.

“उद्या. उद्या खाजाभाई जाईल.”

मामांनी तांड्याचं पाणी रस्त्यावर ओतलं. संध्याकाळी चावी अडकवली तेव्हा हात पुसायचं विसरले. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, डिझेलचं काहीतरी लफडं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाजाभाईची आई नांदेडला वारल्याचा निरोप आला आणि तो मिळेल त्या एसटीनं गेला. उन्हं वर आली तेव्हा तांड्यावरच्या बाया पहाटेपासून चालत येऊन रिकाम्या घागरींसकट कचेरीच्या फाटकात बसल्या होत्या. कुणी ओरडत नव्हतं. साहेब मला म्हणाले, “जा, त्या शनिवारवाल्याला उचलून आणा. नाही आला तर कायम होण्याचं विसर म्हणावं.”

मी दारातूनच हे सगळं सुनावलं. मामा पांढऱ्या कपड्यांत बसले होते.

“भाऊसाहेब, आज चावी खिळ्याची हाय.”

“खिळा जाणार आहे का तांड्यावर?” मी चिडून म्हणालो.

मग मामीच बोलल्या. “मेंढरू खड्ड्यात पडलं तर शनवारी काढावं का न्हाई, ते तुमीच मला शिकवलं. अन् हे मेंढरू काल आपल्याच हातानं ढकललंय.”

मामांनी चटई गुंडाळली. मग उठले आणि चपला घातल्या.

“खाकी?” मी विचारलं.

“खाकी कशाला? मी कामाला कुठं निघालोय?”

कचेरीत आल्यावर त्यांनी खिळ्यावरची चावी काढली आणि मला म्हणाले, “माझी हजेरी लावू नका. लॉगबुकात ल्हिऊ नका. आजचा पगार न्हाई घ्यायचा. क्लीनरला बी बोलवू नका, त्याची हजेरी लागंल.” साहेबांनी नुसता हात झटकला, जा म्हणून.

आता बघा. सरकारी टँकर, नोंद नाही, क्लीनर नाही, अंगात साधे कपडे. माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? हायवेला हॉटेलवाले पाण्यासाठी हात जोडून उभे होते. मी सरळ केबिनमध्ये चढून मामांच्या शेजारी बसलो. मामांनी माझ्याकडं पाहिलं आणि गाडी सुरू केली. “बसा, बसा. बरं झालं,” एवढंच म्हणाले.

पाणी भरलं. फाटकातल्या बायांना घागरींसकट जमेल तसं वर घेतलं. हॉटेलं मागं पडत गेली, कुठंही गाडी हळू झाली नाही. एरवी ड्रायव्हर स्टिअरिंग सोडत नाही, पाइप क्लीनर धरतो. त्या दिवशी मामा स्वतः खाली उतरले. झुंबड उडाली. मामा पाइप धरून एकेकीची घागर भरत होते आणि पांढरे कपडे चिखलानं बरबटत होते. कडेवर पोर घेतलेली एक बाई मागं रेटली जात होती, तिला त्यांनी हाताला धरून पुढं घेतलं. मी टँकरला टेकून हाताची घडी घालून सगळं नीट पाहत होतो. एक घागरही इकडची तिकडं झाली नाही.

परतताना एका बाभळीपाशी त्यांनी अचानक ब्रेक मारला. आलं, म्हटलं, गिऱ्हाईक आलं. मामा उतरले, बाभळीखाली गुडघे टेकून बसले, डोळे मिटले.

“माफी मागितली?” ते वर चढल्यावर मी विचारलं.

“न्हाई. इचारलं.”

“काय?”

“आज मी मोडला का पाळला.”

“मग काय म्हणाला तुमचा देव?”

“त्यो काय लगेच सांगून राहिला व्हय, भाऊसाहेब!” असं म्हणून मामा हसले. त्या दिवसापासून त्यांच्यावरचा माझा संशय गेला. मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं, सवयच तशी.

आणि माझा गेला तेव्हा दुसऱ्यांचा सुरू झाला. वर निनावी तक्रार गेली, शनिवारी टँकर बिननोंदीचा फिरला, पाणी विकलं. साहेब घाबरले. चौकशी शुक्रवारच्या शिंपडण्यापर्यंत गेली असती. त्यांनी मामांना बोलावलं. कायम करायच्या माणसांची नावं त्याच आठवड्यात वर जायची होती.

“शनिवारची खेप मागाहून लिहून टाका आणि सही करा. प्रकरण मिटलं. तुमचं नाव मी आजच पाठवतो.”

“सही न्हाई व्हायची, साहेब.”

मी मध्ये पडलो. म्हणालो, साहेब, मी सोबत होतो, थेंब न थेंब तांड्यावर उतरला, हवं तर लिहून देतो. साहेब म्हणाले, “तुमच्या साक्षीनं काय होतंय? लॉगबुकाला ड्रायव्हरची सही लागते.”

मामांना मी बाहेर ओढलं. “मामा, सही म्हणजे काय हो? शाई! खाकी शिवून बसलात ना? खेप तर तुम्ही मारलीच आहे, खोटं कुठं लिहायचंय?”

“त्या दिशी मी सरकारचा ड्रायव्हर नव्हतो, भाऊसाहेब. सही केली की सरकारचा होतो. मग पोटासाठी शनवार मोडला असं झालं.”

“आणि खरं काय?”

“खरं काय ते तुमाला ठाऊक हाय. तुमी संगं होते.”

पाळकसाहेबही येऊन गेले. “एकदा मोडलाच आहे, आता तरी रविवारी या,” म्हणाले. उदगीरकडच्या शनिवारवाल्यांनी निरोप धाडला की गाडी चालवली ते वाईट केलं. मामांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि दोघांनाही एकच उत्तर दिलं, “ज्याचा वार हाय त्यो सांगल.”

पुढच्या शुक्रवारी त्यांना कामावरून कमी केलं. साहेबांनी दुपारीच जायला सांगितलं होतं. मामा गेले नाहीत. “आजचा रोज दिवस मावळेस्तोवरचा हाय,” म्हणून दुपारची खेप मारून आले आणि कोरड्या फडक्यानं टँकर पुसत बसले. ऊन भिंतीवरून उतरलं तसे आत आले, चावी खिळ्याला अडकवली, हात शर्टाला पुसले. यावेळी काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, “आता चावी खिळ्याची, मामा.” त्यांनी मान हलवली. रविवारी मामा-मामी मुखेडच्या एसटीत बसले. मी निरोप द्यायला गेलो होतो. खाकी कपड्यांची घडी मामींनी खाजाभाईसाठी माझ्या हातात दिली तेव्हा मला रडू आवरेना.

त्यानंतरच्या शुक्रवारी नमाजाच्या वेळी टँकर आवारात उभाच राहिला. खाजाभाई टोपी हातात घेऊन खिळ्यासमोर थांबला होता. शेवटी टोपी खिशात घालून त्यानं चावी काढली.

निवृत्तीच्या आधी नळयोजनेच्या पाहणीला मी त्याच तांड्यावर गेलो. एका वयस्क बाईनं पाणी आणून दिलं. टँकरच्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या.

“खाकीवाला डायवर रोज यायचा,” ती म्हणाली. “आत बसूनच ऱ्हायचा, त्याचं तोंड बी न्हाई आठवत. पर एकदा पांढऱ्या कापडातला एक बाबा आला होता. पोरगं कडेवर व्हतं माझ्या, त्यानं हाताला धरून पुढं घेतलं अन् घागर भरून दिली. पुन्हा आलाच न्हाई त्यो. लई वाट बघितली आमी. कोन होता त्यो, सायेब?”

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“त्याच्यासंगं आणखी एक व्हता,” ती म्हणाली. “नुसता हाताची घडी घालून हुबा. त्यो सरकारचा असंल.”

“हाव, मावशी,” मी म्हणालो. “घडीवाला सरकारचा होता. पांढरेवाला नव्हता.”