घासलेल्या कांड्या

चौथीत शाळा सुटली आणि पुढे सांगलीपलीकडच्या कोरड्या मुलखातून मी कोयनेच्या खोऱ्यात हमालीला आलो. धरणासाठी तिथे जमिनीत भोके पाडून खडकाच्या लांब कांड्या काढत. विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकलेले एक तरुण साहेब त्या तपासत. त्यांचे सोबती खाणींत मोठ्या हुद्द्यांवर गेलेले. आपण रानात अडकलो हा राग ते आमच्यावर काढीत. पण खडक ओळखायला मला त्यांनीच शिकवले.

एकदा कांड्या चिखलाने माखल्या, म्हणून मी त्या भांड्यांसारख्या राखेने घासल्या. कुठली कांडी किती फुटांवरची, ते सांगणारे खडूचे आकडेही त्यात गेले.

“कुणी केलं हे?” साहेब म्हणाले.

मी राखेचे हात पाठीमागे घेतले. मला कामाला लावणारा गावचा सोबती म्हणाला, “आवं सायेब, दगूडच की. धुतलं तर काय झालं?”

“म्हणजे तूच. वळकटी उचल आणि चालता हो.”

मला घासताना सोबत्याने पाहिले होते. तरी माझे नाव न घेता तो वळकटी उचलून गेला.

“तुला शिकवलंय म्हणून तू तरी असलं करायचा नाहीस,” साहेब मला म्हणाले.

“व्हय सायेब,” मी म्हणालो. त्याच शिकवणीवर जन्मभर जेवलो. साहेबांचे उपकार मी अजून मानतो.