जेवणापासून चहापर्यंत

शिवणबाईंनी अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या अंगाला कपडे बसवण्यात घालवलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी पायमशीन सोडलं आणि लॅपटॉपसमोर बसून बेतणं शिकवायला सुरुवात केली. दुपारची झाकपाक उरकली की लांबलांबच्या बाया पडद्यावर जमायच्या. बाईंचा हात साफ आणि तोंड फटकळ. "अगं, ती बगल आहे, बोगदा नव्हे!" म्हणाल्या की बाया हसून लोटपोट.

पण हल्ली इंटरनेटनं उच्छाद मांडला होता. वर्ग सुरू झाला की चित्र अडायचं, आवाज चिरकायचा. चहाच्या वेळेला मात्र सगळं सुरळीत. कंपनीचा वायरवाला येऊन गेला, तोही सकाळी. "मस्त पळतंय की," म्हणाला आणि आल्या पावली गेला.

काल तर कहर झाला. बाई बाहीच्या मुंढ्याची, खांद्याकडची गोलाई कापून दाखवत असताना चित्र थिजलं, आणि एकीनं कात्री तशीच सरळ नेली. बाहीची पार पिशवी झाली. संध्याकाळी वर्ग चालवणाऱ्या ताईंचा फोन आला, "मावशी, राग मानू नका. उद्या पुन्हा अडलं तर मला दुसरी बाई बघावी लागेल." बाईंना घास गोड लागेना. शिवण गेलं होतंच, आता शिकवणंही जायच्या वाटेवर.

आज पुन्हा तेच. एका हातात खडू, दुसऱ्या हातात फोन धरून बाईंनी कंपनी गाठली. बरीच गाणी ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलली, "मॅडम, राऊटर बंद करून चालू करा."

राऊटर स्वयंपाकघरातल्या फळीवर. बाईंनी बसल्या जागेवरून हाळी दिली, "आई, त्या डबीचं बटण दोनदा दाबा हो!"

"दाबलं!" सासूबाई ओरडल्या.

"दिवे लागले का बघा!"

जरा वेळानं उत्तर आलं, "लागले गं, हिरवेगार!"

आणि खरंच, चित्र हललं. बाईंनी श्वास सोडला, तोवर परत थिजलं.

"मॅडम, घरापर्यंत लाइन चांगली येतेय," मुलगी म्हणाली. "अडतंय ते घरातच. तुम्ही स्वतः राऊटरपाशी जा बरं."

"बायांनो, कात्रीला कुणी हात लावायचा नाही!" असा दम भरून बाई लंगडत निघाल्या. फळीवर राऊटर दिसेचना. तिथं दुधाचं मोठं स्टीलचं पातेलं पालथं घातलेलं, आणि खालून काळी वायर उंदराच्या शेपटासारखी बाहेर आलेली.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? त्या डबड्याच्या उबेला पाल येऊन बसते. आत शिरली म्हणजे? जेवणं झाली, भांडी घासली की झाकून ठेवते रोज. चहाच्या वेळी दूध तापवायला लागतं, तेव्हा काढते."

"आणि आत्ता दिवे कसे बघितलेत?"

"उचलून. बघितले आणि परत झाकलं. एवढी काळजी कुणी घेतं का त्या तुझ्या कंपनीत?"

फोनवरच्या मुलीला आधी ठसका लागला, मग हसू. "आजींना म्हणावं, पातेल्याखाली कोंडल्यावर तो बिचारा तरी काय करणार?"

बाईंनी पातेलं उचललं. क्षणभरानं आतल्या खोलीतून गलका आला, "मावशी, आलं हो! तुमची भिंत अगदी स्वच्छ दिसतेय!" बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"अन् पालीचं काय?" सासूबाई हटून बसल्या. बाईंनी भाजी धुवायची प्लास्टिकची जाळी उचलली आणि राऊटरवर पालथी घातली. पालीचीही सोय झाली.

त्या दिवशी वर्ग एकदाही अडला नाही. काल पिशवी शिवलेल्या बाईनं गोल गरगरीत मुंढ्याची बाही पडद्यासमोर नाचवली. ताईंचा फोन आला, "मावशी, उद्या वेळेवर बसा."

सासूबाईंनी चहा आणून ठेवला. "म्हणजे एवढा घोळ माझ्यामुळं झाला म्हणायचा."

"झाला."

"मग मला बोलली कशी नाहीस?"

"बोलणार होते," शिवणबाईंनी कप तोंडाला लावला, "पण बाही फार चांगली निघाली."