पॅन्टवर घासलेलं सफरचंद

फळांच्या गाडीपाशी एकजण सफरचंद पॅन्टवर घासत होता, एकच बाजू चमकवत. त्या सवयीवरूनच मी दिनूला ओळखलं. जिल्ह्याच्या संघातून तो वर्षानुवर्षं गोलंदाजी करत राहिला, पण त्याच्या वर कधी गेला नाही. त्याची मजल तेवढीच, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

वरच्या संघाच्या निवडीच्या सामन्यात त्याचा चेंडू बॅटची कड घेऊन आला आणि माझ्या ग्लव्हजमधून सुटला. मी लगेच मान हलवली, "लागलाच नाही रे." दिनूनं वर गेलेला हात खाली घेतला. "मलाच भास झाला असेल," म्हणाला. तो फलंदाज मग दिवसभर खेळला.

आज दिनूनं मला बायकोपुढे उभं केलं. "हा आमचा कीपर. याच्या हातून कॅच कधी सुटला नाही बघ."

तिनं कौतुकानं माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते खिशात घातले.