केरबाचं उभं राहणं

केरबा माणच्या माळावरचा धनगर. मेंढरांमागं काठीवर भार टाकून दिवसभर उभं राहायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. औंधच्या बाजारात नानासो चिताऱ्यांनी त्याला असाच उभा पाहिला. नानासोंना भाला घेतलेल्या मावळ्याचं मोठं चित्र काढायचं होतं आणि समोर उभा राहणारा माणूस मिळत नव्हता. पैलवान आणले, तर तेही घटकाभरात चुळबूळ करत.

"किती वेळ उभा राहशील?" नानासोंनी विचारलं.

"मेंढरं बसंपतूर," केरबा म्हणाला.

घरी त्याची आई मनुबाई हसली. "उभं ऱ्हायाचं काम? मग आपल्या दारातला खांब का न्हाई न्हेत त्यो?"

हे १९४० सालचं. काम खांबाचं नव्हतं. नानासोंनी काठी काढून घेतली, भाला दिला आणि त्यावर भार टाकायचा नाही असं बजावलं. पहिल्या दिवशी केरबा गुडघे ताठ करून उभा राहिला आणि अर्ध्या तासात घेरी येऊन पडला. मग शिकला. गुडघा किंचित वाकवायचा. भार डाव्या पायावर घ्यायचा. श्वास पोटातून, म्हणजे छाती हलत नाही. नजर भिंतीवरच्या एका खिळ्यावर ठेवायची. नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. ज्याला हे सोपं वाटतं त्यानं हात खांद्याइतका वर धरून पाव तास उभं राहून बघावं. तीन वर्षांत केरबा दीड दीड तास राहू लागला. मध्ये पाणी प्यायला गेला, तर परत येऊन न बघता पाऊल खडूच्या खुणेवर ठेवायचा.

यमाईच्या यात्रेला सांगलीची एक नाटक कंपनी औंधात आली. मालक लालासाहेब चित्र पाहायला आले आणि चित्र सोडून केरबाकडंच बघत राहिले.

"माझ्या नव्या नाटकात सेनापती हाच," ते म्हणाले.

केरबानं मेंढरं धाकट्या भावाच्या नावावर करून दिली आणि तो सांगलीला गेला. परत मागायची नाहीत, हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं.

शिकवायला भाऊसो होते, कंपनीचे जुने नट. केरबाला वाचता येत नव्हतं. भाऊसो बोलायचे, तो मागून म्हणायचा. आठ दिवसांत सेनापतीचं सगळं भाषण पाठ झालं. पण तोंड उघडलं की अंग थांबायचं आणि नजर भिंतीला चिकटायची.

"आरं, मुंडी तरी हलीव! चिताऱ्यानं खिळ्यानं ठोकलाय का तुला?"

"हलीवतो मास्तर, पर मग सबूद जात्यात."

"बाया डुईवर घागर आन् कडंवर पोर घिऊन चालत्यात. तुला दोन कामं हुईनात व्हय रं?"

केरबा रोज पहाटे कृष्णेच्या वाळूत जाऊ लागला. आधी एका शब्दाला एक पाऊल. मग एका ओळीला एक. हाताची हालचाल वेगळी, शंभर वेळा. मग सगळं एकत्र. तीन महिने त्यानं एक दिवस चुकवला नाही. शेवटी एका तालमीत भाऊसोंनी ताल धरलेली छडी खाली ठेवली.

"आता नट झालास, गड्या."

हे सगळं रिकाम्या हातानं झालं होतं. हत्यारांची पेटी पहिल्या खेळाच्या दिवशी, नारळ फोडूनच उघडायची, त्याआधी हात लावायचा नाही, असा कंपनीचा रिवाज होता. तीस वर्षांत त्यानं कुणाचं अडलं नव्हतं.

खेळाच्या दिवशी पडद्याआड कुणीतरी केरबाच्या हातात भाला दिला. तो रंगमंचावर गेला. बोटं भाल्यावर आवळली, तसा डावा पाय जागेवर रुतला, गुडघा वाकला, श्वास पोटात उतरला. नजरेनं समोरच्या खांबावर खिळा शोधला. काय झालं ते केरबाला कळलं. त्यानं पाय उचलायला जोर लावला. पाय उठेना. जीभही हलेना. आतून भाऊसो पहिली ओळ सांगत होते. एकदा, दोनदा, मग मोठ्यानं. केरबाला प्रत्येक शब्द येत होता.

लोक आधी गप्प होते. रूप बघून कुणी टाळीही वाजवली. मग मागून आवाज आला, "पुतळा आनलाय व्हय रं?" आणि सगळे हसले. केरबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेही त्याला पुसता येईना.

शेवटी हुजऱ्याचं काम करणाऱ्या सिद्धूनं पुढं होऊन त्याच्या मुठीतून भाला ओढून घेतला आणि ते भाषण स्वतःच म्हटलं.

पडदा पडल्यावर लालासाहेब म्हणाले, "उद्यापासून सेनापती सिद्धू करेल."

"मालक, रिकाम्या हातानं करतो की."

"हत्याराशिवाय सेनापती असतो का? बरं, तलवार धरून म्हण."

केरबानं तलवार धरली. तेच झालं. पाय, गुडघा, श्वास. लालासाहेबांनी आणखी एक घटका वाट पाहिली, हे खरं. मग उठून गेले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गाड्या तासगावच्या मुक्कामाला निघाल्या. सामान चढत होतं. केरबाला गाडीत जागा नव्हती. भाऊसो केरबाजवळ येऊन उभे राहिले.

"चूक माजी हाय. पेटी आदी उगडाया पायजे हुती."

"मग आता शिकवा की मास्तर. भाला धरून शिकवा."

"तीन वर्सांची सवय, केरबा. तीन दिसांत जायाची न्हाई. आन् मला गाडीत बसाया पायजे."

केरबा बिऱ्हाडाच्या अंगणात मधोमध गेला आणि त्यानं भाषण सुरू केलं. पाऊल, हात, मान, आवाज, सगळं बरोबर जात होतं. हमाल ओझं घेऊन थांबले. भाऊसो ऐकत राहिले आणि मध्येच, रोजच्या सवयीनं, म्हणाले, "हात खांद्याच्या वर न्हाई."

मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि त्यांनी मान खाली घातली. गाडीवाला हाका मारत होता. केरबानं हात खांद्याच्या खाली आणला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला लागला.