रिचर्डदादाच्या डाव्या हातासाठी

माझी ग्रेसीवहिनी माणिकपूरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. तिने एखादी गोष्ट मनावर घेतली, की खुद्द पोप आले तरी ती हलत नाही. माझ्या भावाला, रिचर्डदादाला, लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ वळेना. तेव्हा तिने ठरवलं, हा माणूस बोलणार. जिभेने नाही, तर लॅपटॉपवर.

लॅपटॉप जुना, इवलासा, पलंगावर मांडीत मावणारा. कळांवरची मराठी अक्षरं दादानेच चिकटवलेली. पण तो सुरू होईस्तोवर रोझरीची अख्खी माळ जपून व्हायची, आणि दादा वैतागून भिंतीकडे तोंड करायचा. अलीकडे तर त्याने तो नादच सोडला होता. असाच मुका राहून जाईल की काय, या भीतीने माझा जीव जायचा.

"मम्मी, नवीन घे ना," ॲनिशा, त्यांची लेक, फोनवर म्हणाली.

"त्यांच्या बोटांना याच कळा ठाऊक आहेत."

मग ॲनिशानेच विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकायचं सुचवलं. हलकं, आणि आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येणारं. हे वहिनीला पटलं. आम्ही बागायतदार, नवं बियाणं आधी एका वाफ्यात लावून बघतो, मग वाडीभर. तिने लिनक्सचे चार प्रकार आणवले. एक गोजिरं पण जड. एकाला मराठीचं वावडं. उंदराचं चित्र असलेलं "किती कळकट" म्हणून पहिल्याच दिवशी बाजूला टाकलं. चौथं निळंशार, झटपट, ते पसंत!

त्यावर दादाने डाव्या हाताने दोन अक्षरं मारली आणि थांबला. 'ख'साठी शिफ्ट दाबून धरावी लागते. दुसरा हात आणायचा कुठून? वहिनीने सगळी परीक्षा स्वतःच्या दोन धडधाकट हातांनी घेतली होती.

"मी मूर्ख बाई," ती म्हणाली. मी लगेच हो म्हटलं.

मग उजवा हात पाठीमागे धरून तिने पुन्हा चारही तपासली. दोन कळा एकत्र न धरता एकामागून एक दाबायची सोय तिला सापडली ती त्या उंदीरवाल्यात. तेच लॅपटॉपवर चढवलं.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर लॅपटॉप दादापुढे ठेवला. शिफ्ट, मग अक्षर. पुन्हा शिफ्ट. आम्ही दोघी पडद्याकडे बघत होतो. तिथे अक्षरं उमटली:

"खूप दिवस भांडलो नाही आपण."

वहिनी ढसाढसा रडली. मीही रडले. मग तिने डोळे पुसले आणि त्याच्या शेजारी ऐसपैस बसली.

"करा सुरू," ती म्हणाली. "पण चूक तुमचीच आहे."